बेबीच्या छातीतली गिरणी

तुम्ही जाऊन महिना होत आला आणि या घरात अजून कोणी बेबीच्या छातीला कान लावलेला नाही. संध्याकाळी कंपनीचा भोंगा झाला की पोर उंबऱ्यापाशी येऊन बसते. तुमची सायकल येणार नाही हे तिला कळतं, एवढी लहान नाही ती आता. पण फ्रॉकचं वरचं बटण मात्र सवयीने काढून ठेवते. मी ते परत लावते. 

लोक येतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. दहाव्याला मेंटेनन्सची सगळी मंडळी आली होती. तुमच्या हाताची आणि कानाची तारीफ चालली होती. "वहिनी, भाऊ नुसती सळई टेकवून सांगायचे कुठलं बेअरिंग गेलंय ते. सळईचं एक टोक मशीनला, दुसरं कानाला, डोळे मिटलेले. खोलून बघावं तर तेच निघायचं." मी मान डोलावली. मनात म्हटलं, त्या कानाशीच तर माझं भांडण आहे. ते अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण मग हे भांडण घेऊन मी जाऊ कुठे? तेव्हा ऐका. मध्ये बोलायची सोय तुम्हाला आता नाही, एवढं एकच त्यात बरं आहे.

बेबीपासूनच सुरुवात करते, कारण आपलं सगळं तिच्यापासूनच सुरू झालं. सातवा महिना सरत आला होता. नळावर हंडा उचलताना कळ आली. तुम्ही शिफ्टवरून तसेच आलात, हाताला ग्रीस, आणि कुणाच्या तरी टेम्पोत घालून मला पुण्याला नेलंत. पोर झाली ती तुमच्या दोन तळहातांत मावेल एवढी. रडण्याचा आवाज मांजरीच्या पिलाचा. तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि आपण दोघं बाहेरून बघत उभे. सासूबाई चाकणहून एसटीने आल्या, पेटीकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "सातव्याचं जगतं, आठव्याचं न्हाई. रडू नगंस." त्या बाईने त्या दिवशी मला जो धीर दिला त्याची मी कधी फेड केली नाही, उलट पुढे तेलाच्या मालिशीवरून आणि धुरीवरून त्यांच्याशी कडाकडा भांडले. पेटीला लावलेल्या चिठ्ठीवर तुमचं नाव आणि पुढे 'यांची बेबी' असं होतं. शाळेत तिचं नाव दुसरं आहे, पण हाक तीच राहिली.

मग ती डॉक्टरीणबाईंची भेट. बेबी दूध ओढता ओढता दमायची, कपाळावर घामाचे थेंब यायचे, बरगड्या भात्यासारख्या हलायच्या. बाईंनी तिची छाती तपासली आणि आपल्याला समोर बसवून नीट सांगितलं. आईच्या पोटात बाळ श्वास घेत नाही, त्यामुळे फुप्फुसांकडे रक्त फारसं पाठवायचं कारण नसतं. म्हणून हृदयाजवळ एक आडवाट असते, तिच्यातून रक्त फुप्फुसांना टाळून पुढे जातं. बाळ जन्मलं, श्वास घ्यायला लागलं, की ती वाट आपोआप आकसते आणि बंद होते. पुऱ्या दिवसांचं बाळ हे काम आपल्या नकळत करून टाकतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची वाट कधीकधी आकसायला तयारच झालेली नसते. आपल्या बेबीची ती उघडी राहिली होती आणि आता रक्त उलटं, नको तेवढं, जोराने तिच्या फुप्फुसांत घुसत होतं.

मला निम्मं कळलं. तुम्हाला मात्र लगेच कळलं.

"म्हंजी बायपास लाइनीचा व्हॉल्व बसला न्हाई," तुम्ही म्हणालात.

"तसंच समजा," बाई हसल्या. "आणि त्यातून रक्त सतत जातं त्याचा आवाज येतो. आमच्यात त्याला यंत्रासारखा आवाजच म्हणतात."

"मंग त्यो आमच्याच खात्यातला हाय की, बाई."

मला इतका संताप आला होता! पोर मरायला टेकलीय आणि हा माणूस विनोद करतोय. आज आठवलं की तुमचा हात दिसतो. पाळण्याचा दांडा असा आवळून धरला होतात की बोटं पांढरी पडली होती.

बाईंनी त्यांची तपासायची नळी तुमच्या कानाला लावली. तुम्ही डोळे मिटले, सळई लावताना मिटत असाल तसेच. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसा आहे आवाज? तुम्ही थोडा विचार केलात आणि तोंडाने काढून दाखवलात. घुर्रर्र-घुर्रर्र, मध्ये फुगणारा, ओसरणारा, पण थांबणारा नाही. "पिठाची गिरणी हाय," म्हणालात. "दळतीय दळतीय, थांबतच न्हाई." हॉस्पिटलच्या व्हरांड्यात लोक वळून बघायला लागले.

आपण तिला घरी आणलं ती कापसात गुंडाळून. पॅकिंगच्या लाकडाची पेटी तुम्ही रंधून गुळगुळीत केलीत, वर बल्ब टांगलात. बाईंनी दिलेल्या औषधाचे थेंब मी मोजायचे. कासारवाडीच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत आपण तिला जगवलं, आणि त्यात तुमचा वाटा माझ्याहून कमी नव्हता. हे मी जिवंतपणी एकदाही बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही चढून बसला असतात, म्हणून नाही बोलले. आता बोलते.

शिफ्टवरून आलात की आधी रॉकेल आणि भुसा लावून हात चोळायचात, मग साबण. मग तळहाताने कान चोळून चोळून गरम करायचात. गार कान लागला की पोर दचकते म्हणून. आणि मग तिच्या डाव्या खांद्याच्या हाडाखाली कान टेकवायचात. मोठी झाल्यावर ती खिदळायची, "आप्पा, दाढी टोचते." "गप. गिरणी बघू दे. आज गहू हाय का ज्वारी?" आणि तोंडाने तो आवाज. तिला तिचा तो आवाज फार आवडायचा. शेजारच्या पोरांना सांगायची, माझ्यात गिरणी आहे, तुमच्यात नाही.

मी कधी कान लावला नाही. तुम्ही चिडवायचात, भित्री म्हणायचात. खरं सांगू? मी तिच्या छातीकडे बघतच नव्हते, मी तुमच्या तोंडाकडे बघायचे. कान टेकवल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडते की नाही, एवढंच. माझ्या पोरीचं हृदय मी इतकी वर्षं तुमच्या कपाळावर वाचलं आहे. आता ते कपाळच नाही, मग मी काय वाचू?

आता त्या भांडणाकडे येते.

बेबी दोन वर्षांची झाली तेव्हा बाई म्हणाल्या, वजन धरलंय, आता ऑपरेशन करून ती वाट बांधून टाकू. घरी आल्यावर म्हणालात, "छाती उघडायची? चालती मशीन उघडायची न्हाई, आमचा पयला नियम हाय. चालतीय तोवर तेल घालायचं आन् आवाज ऐकत ऱ्हायचं. उघडली की मंग ती पयल्यासारखी बसंल ह्याचा भरवसा न्हाई." मी म्हटलं, ती मशीन नाही. तुम्ही म्हणालात, "बाईच म्हणाल्या नव्हं, यंत्रावानी आवाज म्हणून?" भीती मलाही होतीच. पुढच्या थंडीत बघू, तिला जरा अंग धरू दे, असं करत वर्षं सरली.

आणि मग तिला खरंच बरं वाटायला लागलं. हे विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. घाम यायचा थांबला. ताटातलं सगळं संपवायला लागली, गालावर मांस आलं. जिने चढायला लागली. आणि तुम्ही रोज कान लावून सांगायला लागलात, "कमी हाय. कालच्यापेक्षा कमी हाय." एका संध्याकाळी तुम्ही बराच वेळ कान टेकवून बसलात, मग दुसरा कान लावलात, मग माझ्याकडे बघितलंत. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. "थांबली," म्हणालात. "गिरणी थांबली. व्हॉल्व बसला!"

दुसऱ्या दिवशी खात्यात पेढे वाटलेत. रविवारी सासूबाईंना गावाहून आणलंत आणि खंडोबाची तळी भरली. ताम्हनात भंडार, खोबरं, पानसुपारी, चाळीतली पाच माणसं ताम्हन उचलून 'येळकोट येळकोट' म्हणत होती आणि तुमचा आवाज सगळ्यांच्या वर होता. भंडाऱ्याने बेबी अशी माखली होती की ओळखू येत नव्हती. ती एकटीच रुसून बसली होती. "गिरणी बंद झाली तर आप्पा आवाज नाही काढणार?" तुम्ही तिला उचललंत. "मी काढीन की गं! मी कुटं बंद झालोय?"

तो आपल्या संसारातला सगळ्यात सुखाचा दिवस होता. पुढे काय कळलं ते कळलं, पण तो दिवस मी कुणाला खोटा म्हणू देणार नाही. त्यानंतर आपण डॉक्टरीणबाईंकडे गेलोच नाही. आवाज थांबला तर तक्रार कसली घेऊन जायचं?

तुम्ही आजारी पडलात त्याच्या आधीच्या रविवारी मी तिची नखं काढत होते. नुकती लंगडी खेळून आली होती. हाताची नखं गुलाबी. पायाची जांभळट. मी पाय चोळले, पुन्हा बघितलं. तुम्हाला हाक मारली.

"फरशी गार हाय," तुम्ही म्हणालात.

"मग माझ्या पायाची का नाहीत? आणि हिला धापही लागलीय. उद्या बाईंकडे जाऊ."

"अगं, आवाज न्हाई. मी रोज ऐकतो. काय सुदिक न्हाई."

"आवाज नाही म्हणजे सगळं झालं का?"

आणि मग तुम्ही म्हणालात, "तुला चांगलं झालेलं बघवत न्हाई." शर्ट घातलात आणि बाहेर निघून गेलात. अहो, एवढ्या वर्षांत तुम्ही मला खूप काही बोललात, मीही तुम्हाला सोडलं नाही. पण हे वाक्य माझ्यात रुतून बसलंय. तुम्ही ते परत घेणार होतात, मला माहीत आहे. दोन दिवस अबोला, मग माझ्यासाठी भेळेची पुडी, हीच तुमची माफी मागायची रीत. भेळेच्या आधी तुम्हाला ताप भरला. मग डोळे पिवळे झाले. मग सगळं इतक्या भराभर झालं की अबोला सोडायलाही वेळ मिळाला नाही.

शेवटी शेवटी तुम्ही खुणेने बेबीला जवळ बोलावलंत. तिने आपणहून बटण काढलं आणि तुमच्यावर ओणवी झाली. तुमचा कान गरम होता, चोळायची गरज नव्हती. तुम्ही ऐकलंत आणि म्हणालात, "शांत हाय. समदं शांत हाय." त्या समाधानात गेलात तुम्ही. मला त्याचा आनंद आहे आणि तितकाच राग आहे, आणि दोन्हीतलं कुठलं जास्त ते मला सांगता येत नाही.

परवा मी बेबीला घेऊन पुण्याला गेले. अजून घराबाहेर पडायचे दिवस नव्हते, चार बायकांनी नावं ठेवली. सासूबाईच म्हणाल्या, "तू जा. मी बघते कोण काय बोलतंय." डॉक्टरीणबाईंचे केस पांढरे झालेत. त्यांनी बेबीला ओळखलं. "इतकी वर्षं कुठे होतात?" मी सांगितलं, आवाज थांबला होता. त्यांनी बेबीचे मोजे काढले आणि पावलं हातात घेऊन बसल्या.

मग सांगितलं. ती वाट कधी बंद झालीच नव्हती. उघड्या वाटेने वर्षानुवर्षं रक्ताचा मारा होत राहिला, आणि तो सोसायला फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या जाड व्हायला लागल्या, कडक व्हायला लागल्या. त्यांनी रक्ताला अडवायला सुरुवात केली. म्हणून फुप्फुसांवरचा भार हलका झाला, घाम थांबला, पोर बाळसं धरायला लागली. आणि दोन्हीकडचा दाब जवळजवळ सारखा झाल्यावर वाटेतून फारसं काही वाहीना. वाहिलं नाही की आवाजही होत नाही. आता ती धावली की उलटं, अशुद्ध रक्त त्या वाटेने खाली पायांकडे जातं. हातांकडचा फाटा त्या वाटेच्या आधीच फुटलेला, म्हणून बोटं गुलाबी आणि पाय जांभळे.

दोन्हीकडचा दाब सारखा. हे ऐकलं आणि मला वाटलं, तुम्हाला हे एका क्षणात कळलं असतं. बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही दाब दाखवणारे दोन गेज डोळ्यांसमोर आणले असते. आणि तिथेच खचून बसला असतात. तुम्ही शेजारी नव्हतात म्हणून मला एकटीला ते ऐकावं लागलं, आणि तुम्ही नव्हतात म्हणून सुटल्यासारखंही झालं.

"त्यांचा कान चुकला का हो बाई?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आवाज गेला हे त्यांनी बरोबर ऐकलं. मशीनमध्ये आवाज गेला की दुरुस्त झालं म्हणतात. इथे त्याचे दोन अर्थ होतात. ते सांगायला तुम्ही माझ्याकडे यायला हवं होतं."

मग त्यांनी मला खरं काय ते सांगितलं, आडपडदा न ठेवता. त्या वाहिन्या कायमच्या कडक झाल्या असतील तर ऑपरेशन करता येत नाही. तेव्हा ती वाट बांधली तर हृदयाला दाब सोसणार नाही. पण अजून थोड्या नरम असतील तर बांधता येईल, आणि लगेच बांधायला हवी. "ऑक्सिजन देऊन बघू. वाहिन्या अजून सैल पडत असतील तर फुप्फुसांकडे रक्त पुन्हा वाहायला लागेल. आणि वाहिलं तर..."

"तर आवाज येईल," मी म्हटलं.

बेबीच्या तोंडावर त्यांनी मास्क बांधला. मी स्टुलावर बसले. देवाचं नाव घ्यायला गेले आणि अडखळले. इतकी वर्षं एकच मागणं मागितलं होतं, हा आवाज जाऊ दे. आता त्याच देवाला काय सांगू, की जो नेलास तो परत आण?

बराच वेळ गेला. बाईंनी नळी लावली, डाव्या खांद्याच्या हाडाखाली, तुमच्याच जागेवर. मी सवयीने त्यांच्या कपाळाकडे बघत बसले. आठी पडली नाही, पण काही कळेना. मग त्यांनी नळी स्वतःच्या कानातून काढली आणि माझ्याकडे धरली. मी मागे सरकले. "घ्या," त्या म्हणाल्या.

अहो, मी ऐकला. बारीक होता, लांब गावाबाहेर गिरणी चालावी तसा, पण होता. घुर्रर्र-घुर्रर्र. मी तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते आणि मला तो पाठ होता. तुम्ही जसा काढायचात तसाच, तो मध्ये फुगणारा, ओसरणारा, जराही फरक नाही. बेबीने हात पुढे केला. मी नळी तिच्या कानाला लावली. मास्कच्या वर तिचे डोळे एवढे मोठे झाले. मास्क बाजूला सारून म्हणाली, "आई, हे तर आप्पा!"

बाईंनी वचन काही दिलं नाही. मुंबईला जायचंय, तिथे रक्तवाहिनीतून बारीक नळी आत घालून दाब मोजतील, मग ठरेल. जमेल किंवा नाही जमणार. रस्ताभर बेबी माझ्या खांद्यावर झोपली होती आणि मी तिचे पाय पदरात धरून बसले होते. घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ताम्हन काढलं, भंडाराची डबी काढली आणि थांबल्या. "काय मागू गं? आवाज ऱ्हाऊ दे म्हणू, का जाऊ दे म्हणू?" आधी राहू दे, मग जाऊ दे, असं कुठल्या देवाला समजावून सांगायचं? शेवटी त्यांनी नुसताच भंडार बेबीच्या कपाळाला लावला.

कारण ऑपरेशन झालं आणि नीट झालं, तर ती वाट कायमची बंद होईल. मग तो आवाज ऑक्सिजननेही यायचा नाही. तसंच व्हावं. तसंच व्हावं म्हणून मी जीव टाकतेय. पण घरात तुमचा तेवढा एकच आवाज उरलाय, तोही तिच्या छातीत, आणि तो बंद करायला मी तिला घेऊन चाललेय, हेही तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आज संध्याकाळी भोंगा झाला. पोर उंबऱ्यापाशी जाऊन बसली, बटण काढून. मी चुलीपुढून उठले, हात धुतले, तळहाताने कान चोळून चोळून गरम केला आणि तिच्यासमोर खाली बसले. ती जराशी दचकली, मग सरळ झाली. मी कान टेकवला. धडधड होती, बाकी काही नाही. मी तशीच राहिले. तिला वाटलं असेल मला काही ऐकू येत नाही. ती माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवून तोंडाने तो आवाज काढायला लागली, घुर्रर्र-घुर्रर्र, हळूहळू, तुमच्यासारखा, आणि तो तिच्या छातीतून माझ्या कानात येऊ लागला.

"आला का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "आला."